उभ्या गाडीची बॅटरी

आठवडेच्या आठवडे गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी ठेवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. सकाळी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं आणि बॅटरी चार्ज झाली असं समजून परत वर यायचं, ही सवय सोडा. अशाने बॅटरी वाचत नाही, उलट थोडी थोडी रिकामीच होत जाते. स्टार्टर फिरवायला शंभराहून जास्त अँपिअर लागतात आणि उभ्या गाडीत मंद फिरणारा अल्टरनेटर पाच मिनिटांत त्याची नीट भरपाई करू शकत नाही. त्यात एसी आणि दिवे लावले असतील तर बघायलाच नको. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर चालवा. भाजीला दूरच्या मंडईत जा, नातेवाइकांकडे जा, पण चालवा.

किल्ली काढली तरी गाडी पूर्ण झोपत नाही. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडी वीज घेतच राहतात. ही ओढ ३० मिलिअँपिअर धरली, तरी महिन्याभरात २१ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे निम्म्याहून जास्त गेली. अशी अर्धी रिकामी बॅटरी तशीच राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात. मग कितीही चार्ज करा, ते पूर्वीसारखे विरघळत नाहीत. बॅटरी ‘अचानक गेली’ असं आपण म्हणतो, पण ती बहुतेक वेळा कित्येक महिने खंगत असते.

म्हणून घरात एक साधा मल्टिमीटर ठेवा. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर त्याच दिवशी चार्जरवर लावा. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नाहीच दिसले, तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर आणि बेल्ट तपासून घ्या. दोष तिकडे असताना बॅटरीवर पैसे घालवणारे फार आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

महिनाभर गावी किंवा मुलांकडे परदेशी जाणार असाल, तर दहाचा पाना घेऊन मायनसची काळी वायर काढून ठेवा. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोडही मागते. तो आधीच शोधून ठेवा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी उन्हाळ्यात जास्त जपावं. उष्णतेने पाणी उडतं, प्लेटा लवकर गंजतात. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही, बोअरचं तर मुळीच नाही, आणि ॲसिडही नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर वायरी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, वायरी घट्ट बसवून वरून व्हॅसलीन लावा. झाकणं उघडली असतील तर सोडा आत जाऊ देऊ नका.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ काडी, विडी, ठिणगी नको. डोळ्यांत ॲसिड उडालं तर चोळू नका, निदान पंधरा मिनिटं पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. उघड्यावर फोडून शिसं वितळवलं की ते धुरातून आणि मातीतून आसपासच्या लहान मुलांच्या अंगात जातं, त्यांच्या मेंदूवर परिणाम करतं. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात जमा करा. तिची किंमत बिलातून वजा करून मागा, आणि वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का तिथेच मारून घ्या.