दप्तर सरकारचे, पुरावा सैनिकाचा!

तरुणाला युद्धावर धाडताना कोणतेही सरकार त्याच्याकडे पुरावे मागत बसत नाही. वजन, उंची आणि छाती मोजून झाली, सहीसाठी कागद पुढे सरकविला, की काम भागते. परंतु तोच माणूस वीस-तीस वर्षांनी खंगलेले शरीर घेऊन त्याच सरकारच्या दारात उभा राहिला आणि ‘मी अमुक आघाडीवर होतो, अमुक पदकावर माझा हक्क आहे’ असे सांगू लागला, की चित्र पालटते. आता पुरावा हवा असतो. तो असतो कोठे? सरकारच्याच दप्तरात. तो आणावयाचा कोणी? सैनिकाने! आधुनिक नोकरशाहीने जी अनेक ढोंगे कायदेशीर करून ठेवली आहेत, त्यांत याहून उघडेवाघडे ढोंग क्वचितच सापडेल. सैन्यावर जगात सर्वांत अधिक खर्च करणाऱ्या अमेरिकेत ते कसे चालते, हे मुळातून पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती ‘डीडी २१४’ नावाचा एक दाखला पडतो. सेवा किती काळ केली, त्यांपैकी परदेशात किती, कोणती पदके मिळाली, सेवामुक्ती कोणत्या प्रकारची, हे सारे त्यावर नोंदलेले असते. अपंगत्वाची भरपाई, सरकारी इस्पितळातील उपचार, घरासाठी कर्ज, इतकेच नव्हे तर लष्करी इतमामाने दफन, या सर्वांची किल्ली म्हणजे हा कागद. कारकुनाच्या हातून त्यावरची एक ओळ राहिली, तर माणसाच्या आयुष्यातील एक वर्ष पुसले जाते. पुढे चूक मान्य झालीच, तर ‘डीडी २१५’ या क्रमांकाची पुरवणी तिला जोडली जाते. पण ती मान्य व्हावी कशी, हाच खरा प्रश्न आहे.

दाद मागण्याची सोय १९४६ च्या कायद्याने झाली. त्यापूर्वी एकेका सैनिकाच्या नोंदीसाठी काँग्रेसमध्ये स्वतंत्र खासगी विधेयक आणावे लागे. या कटकटीतून लोकप्रतिनिधींना सोडविण्यासाठी मुलकी सदस्यांची मंडळे नेमण्यात आली. सुटका झाली ती लोकप्रतिनिधींची, सैनिकाची नव्हे. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावयाचा. विलंब माफ करणे न करणे मंडळाच्या मर्जीवर. भूदलाच्या मंडळाची नियमावली स्पष्टच बजावते की, कारभार नियमानुसार झाला आहे असे गृहीत धरून प्रत्येक प्रकरणाचा विचार सुरू होईल. चूक वा अन्याय सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर राहील. आणि मंडळ ही तपास करणारी संस्था नाही. प्रत्यक्ष सुनावणीचा हक्कही अर्जदाराला नाही. थोडक्यात, वादी एकटा, प्रतिवादी सरकार, साक्षीदार म्हणजे सरकारची फाईल आणि न्यायासनावर सरकारनेच बसविलेली माणसे!

आता या ‘नियमानुसार’ कारभाराचा मासला पाहावा. १२ जुलै १९७३ रोजी, मध्यरात्र उलटताच, सेंट लुईसजवळच्या लष्करी दप्तराच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आग लागली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सेवापत्रके त्या आगीत गेली. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून मुक्त झालेल्यांची सुमारे ८० टक्के पत्रके त्यांत होती; हवाई दलाच्या १९४७ ते १९६४ या काळातील पत्रकांपैकी, वर्णानुक्रमे ‘हबर्ड’ या नावाच्या पुढची सुमारे ७५ टक्के जळाली. या कागदांच्या प्रती काढलेल्या नव्हत्या, सूक्ष्मचित्रफिती नव्हत्या आणि साठवणीच्या दालनांत पाण्याचे फवारेही नव्हते. दोन महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध लढलेल्या माणसांची आयुष्ये अशी राख झाली. पगारपत्रके, तुकड्यांचे दैनिक अहवाल आणि इस्पितळांच्या नोंदी जुळवून काही पत्रके पुन्हा उभी करण्यात आली, हे खरे. ते काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या चिकाटीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु निष्काळजीपणा सरकारचा आणि भुर्दंड सैनिकाला, हा न्याय मात्र तसाच राहिला.

आगीचे खापर नशिबावर फोडता येईल. खोट्या नोंदींचे कोणावर फोडणार? त्याच जुलै १९७३ मध्ये हवाई दलातील माजी मेजर हॅल नाइट यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. कंबोडियावर टाकलेले बॉम्ब दक्षिण व्हिएतनाममध्ये टाकले, असे खोटे अहवाल आपण वरिष्ठांच्या आज्ञेने तयार केले आणि खरे कागद जाळून टाकले, असे त्यांनी सांगितले. १९६९-७० मधील त्या गुप्त मोहिमेत बी-५२ विमानांनी साडेतीन हजारांहून अधिक फेऱ्या केल्या होत्या. ज्या सरकारने स्वतः हुकूम देऊन दप्तर खोटे केले, त्याच्या दप्तराबद्दल ‘कारभार नियमानुसारच झाला असणार’ असे गृहीत धरावयाचे, आणि ज्याला हुकुमाने तेथे पाठविले त्या सैनिकाला मात्र मुळातच संशयित मानावयाचे! ही न्यायबुद्धी नव्हे. हा सत्तेचा उर्मटपणा होय.

परदेशातील सेवेच्या नोंदीवर माणसाचे जगणे कसे लोंबकळत असते, हे व्हिएतनाम युद्धातील खलाशांच्या प्रकरणात दिसून आले. त्या देशातील अरण्यांवर आणि शेतांवर अमेरिकेने ‘एजंट ऑरेंज’ हे डायॉक्सिनयुक्त विष फवारले. पुढे १९९१ मध्ये कायदा झाला की, व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या माणसास ठरावीक रोग जडल्यास तो या विषामुळेच जडला, असे समजावे. किनाऱ्याजवळच्या युद्धनौकांवरील खलाशांपाशी व्हिएतनाम सेवापदक होते आणि विरुद्ध पुरावा नसल्यास ते पदक तेथील सेवेचा पुरावा म्हणून चालत असे. २००२ मध्ये खात्याने आपल्या अंतर्गत पुस्तिकेतील ती तरतूद काढून टाकली. आता खलाशाने आपला पाय प्रत्यक्ष जमिनीला लागल्याचे दाखवावे, असे फर्मान निघाले. कोण कोणत्या दिवशी होडीतून किनाऱ्यावर उतरला, याची नावनिशीवार नोंद जहाजावर कोण ठेवतो? २००८ मध्ये अपील न्यायालयानेही खात्याचाच अर्थ उचलून धरला. जानेवारी २०१९ मध्ये ‘प्रोकोपिओ’ खटल्यात त्याच न्यायालयाने तो फिरविला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ जानेवारी २०२० पासून त्याचा अंमल सुरू झाला. थायलंडमधील तळांवर असलेल्यांना तर तळाच्या कुंपणालगत आपले काम होते, हे सिद्ध करावे लागे. ती अट ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने सुटली. युद्ध संपून तोवर सत्तेचाळीस वर्षे लोटली होती. कर्करोग फाईलच्या निकालासाठी थांबत नाही. न्याय लांबविणे हा खर्च वाचविण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे, हे जगातील सर्व खजिनदार जाणतात.

पदकांची कथा याहून निराळी नाही. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते. त्या युद्धातील शौर्यासाठी ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च पदक त्या वेळी त्यांतील एकालाही मिळाले नाही. १९९७ मध्ये सातजणांना ते देण्यात आले, तेव्हा व्हर्नन बेकर हे एकटेच ते घेण्यास हयात होते. पॅरिस डेव्हिस या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने जून १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी अवस्थेत सहकाऱ्यांना वाचविले. त्यांच्या पदकाची शिफारस झाली. कागद गहाळ झाले. पुन्हा पाठविण्याचा आदेश निघाला. तेही गहाळ झाले. पदक गळ्यात पडले ते ३ मार्च २०२३ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. कागद एकदा हरवला तर त्यास अपघात म्हणावे. एका विशिष्ट वर्णाच्या माणसांचेच शौर्य वर्षानुवर्षे दप्तरात हरवत राहिले तर ती व्यवस्था असते. आणि ती व्यवस्था पुरती इतिहासजमा झाली असे कोणी मानू नये. मार्च २०२५ मध्ये, व्हिएतनाममध्ये हेच पदक मिळविणारे कृष्णवर्णीय सेनानी चार्ल्स रॉजर्स यांच्यावरचे पान संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून नाहीसे झाले आणि ओरड झाल्यावर परत आले.

यावर सरकारी पक्षाचा एक युक्तिवाद ठरलेला आहे: अटी सैल केल्या, तर तोतये घुसतील. तोतये असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. खोटी पदके मिरवून लाभ उकळणाऱ्यांसाठी अमेरिकेने २०१३ मध्ये स्वतंत्र कायदाच केला आहे. त्याखाली त्यांना खुशाल शिक्षा करावी. परंतु दहा खोटे पकडण्यासाठी हजार खऱ्यांना मरेपर्यंत खेटे घालावयास लावणे, यास दक्षता म्हणत नाहीत. शिवाय खऱ्याखोट्याची शहानिशा करण्याची साधने सरकारच्याच हाती आहेत. एकाकी म्हाताऱ्यापाशी काय असते? एखादे जुने छायाचित्र, आईला लिहिलेले पत्र, आणि जिवंत असलाच तर एखादा सोबती.

काही कार्यकर्ते विचारतील की, साम्राज्यवादी युद्धांत लढलेल्यांच्या पदकांची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी? प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही सरळ आहे. व्हिएतनामच्या वेळी महाविद्यालयात शिकणाऱ्यांना सक्तीच्या भरतीतून सवलत होती; दुसरीकडे १९६६ पासून संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी पात्रतेच्या अटी उतरवून तीन लाखांहून अधिक गरीब, अल्पशिक्षित तरुण सैन्यात ओढले. युद्ध ठरविणारे एका वर्गाचे होते, लढणारे दुसऱ्या. फिलिपीन्समधील सैनिकांनी तर अमेरिकन झेंड्याखाली जपानशी झुंज दिली आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांचे हक्क एका कायद्याने काढून घेतले. २००९ मध्ये एकरकमी मोबदला जाहीर झाला. नागरिकास पंधरा हजार डॉलर, इतरांस नऊ हजार. तेव्हाही निम्म्याहून अधिक दावे फेटाळले गेले, कारण अनेकांची नावे अमेरिकी दप्तरातील यादीत सापडली नाहीत. आणि ज्या व्हिएतनामी शेतकऱ्यांच्या अंगावर ते विष पडले, त्यांना भरावयास अर्जदेखील नाही. त्यांचा दावा अमेरिकन न्यायालयांनी २००५ पासून २००९ पर्यंत प्रत्येक पायरीवर फेटाळला. सैनिकाच्या हक्काची बाजू घेणे म्हणजे युद्धाची बाजू घेणे नव्हे. युद्धाची खरी किंमत चुकती करावी लागली, तर ते पुकारताना सत्ताधाऱ्यांचा हात थोडा तरी थरथरेल.

सातारा-कोल्हापूरच्या ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेला दिली, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. भारतात १९८२ च्या नियमांनीच सांगितले होते की, अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी पुरावा देण्याचा भार सैनिकावर टाकू नये आणि संशयाचा फायदा त्याला द्यावा. तरीही दावे नाकारले जात राहिले. अखेर २०१३ मध्ये ‘धरमवीर सिंग’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की, भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असेच मानले पाहिजे. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. तत्त्व कागदावर आले, एवढ्याने लढाई संपत नाही. पण लढाई कोठे द्यावयाची, ते त्याने दाखवून दिले आहे.

मागणी अशी हवी: ज्याच्या ताब्यात दप्तर, त्याच्यावर पुराव्याचा भार. दप्तर हरवले वा जळाले, तर सैनिकाचे शपथेवरील कथन खरे मानावे आणि खोडून काढण्याचे काम सरकारने करावे. अन्यायाला मुदतीचे बंधन नसते, म्हणून दाद मागण्यासही ते नसावे. आणि प्रत्येकाला सेवा चालू असतानाच आपल्या नोंदीची पुरी प्रत मिळावी. रोजगार हमीच्या हजेरीपटात नाव न चढलेला मजूर, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब न लागणारा गिरणी कामगार आणि पदकाचा कागद शोधणारा म्हातारा शिपाई, हे तिघे एकाच रांगेत उभे आहेत. त्यांच्या श्रमाची नोंद ठेवणारा हात त्यांचा नाही. तो हात जाब देण्यास बांधला जाईपर्यंत ही रांग हटणार नाही.