नादारीचा अर्ज धुळ्यातच

दोंडाईच्याचा मिरची व्यापारी किंवा शिंदखेड्याचा कृषी सेवा केंद्रवाला कर्जात बुडाला, की दिवाळखोरीचा वकील कुठे मिळेल असे विचारतो आणि आपण जिल्ह्यातले वकीलच त्याला मुंबईचा रस्ता दाखवतो. 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता आल्यापासून जुना कायदा गेला, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. प्रत्यक्षात संहितेचा व्यक्ती व भागीदारी पेढ्यांविषयीचा तिसरा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कर्जदार कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता, आणि जुने कायदे रद्द करणारे कलम 243 अमलात आलेलेच नाही. साध्या ऋणकोसाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा जिवंत आहे. ऋणको जिथे राहतो वा धंदा करतो तिथेच अर्ज, म्हणजे आपल्यासाठी धुळ्याचे जिल्हा न्यायालय. कर्जाची किमान रक्कम 500 रुपये. आज तेवढ्यात मिरचीचे पोतेही येत नाही.

वसुलीची दरखास्त आली की आपण हप्ते मागतो, तारीख घेतो, फार तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 दाखवून बैलजोडी आणि बियाणे वाचवतो. दुसरा धनको आला की पुन्हा तेच. नादारीचा आदेश झाला, तर मात्र नादारी कायद्याच्या कलम 28 नुसार मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि बिनतारण धनकोला परवानगीशिवाय वेगळी कारवाई करता येत नाही. अडत्या आणि हातउसने देणारा मेहुणा एकाच यादीत येतात. जप्तीतून वगळलेल्या वस्तू इथेही वगळलेल्याच राहतात, आणि कलम 31 खाली अटकेपासून संरक्षण मागता येते.

यातून लबाडांचे फावेल, ही शंका रास्त आहे. पण दोन वर्षांतली संशयास्पद हस्तांतरणे कलम 53 खाली आणि तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला दिलेले झुकते माप कलम 54 खाली रद्द होऊ शकते. मालमत्ता लपवणाऱ्याला कलम 69 ची शिक्षा आहे. गहाणदाराचा हक्क मात्र शाबूत राहतो, तेव्हा ज्याचे सारे कर्ज तारणाचे आहे त्याला हा मार्ग सुचवणे म्हणजे फी घेऊन फसवणे. बदनामीचा आक्षेप अधिक खरा. कलम 73 नादाराला नगरपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेत निवडून येऊ देत नाही आणि आपल्याकडे निवडणूक ही अब्रूची बाब. पण गैरवर्तनाने नव्हे, दुर्दैवाने नादारी आली असे प्रमाणपत्र नादारीतून मुक्तीच्या आदेशासोबत मिळाले, तर ती अपात्रता उठते. ज्याच्या दारात महिन्याला बेलिफ येतो, त्याची अब्रू तशीही चव्हाट्यावरच असते.

काम बिघडते ते शेवटी. आदेश देताना न्यायालय मुक्तीच्या अर्जासाठी कलम 27 खाली मुदत ठरवते. ती चुकली, तर कलम 43 नुसार नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात उभे राहतात. ही तारीख पक्षकाराच्या लक्षात राहणार नाही. ती वकिलाच्या डायरीत हवी.