पडद्यावरचे घर आणि टेपातले घर



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात पुनर्वसनाची सभा झाली. विकासकाची माणसे लॅपटॉप आणि पांढरा पडदा घेऊन आली होती. दिवे मालवले आणि पडद्यावर एक घर उघडले. दारातून आत शिरावे, डावीकडे वळावे, स्वयंपाकघरात डोकवावे, खिडकीबाहेर नारळाची झाडे दिसावीत, असे सगळे. घर ३०० चौरस फुटांचे. आत सोफा, काचेचे टेबल, भिंतीवर भलामोठा टीव्ही. आयाबाया हरखून गेल्या. आम्हीही हरखलो, खोटे कशाला सांगावे? आमचा जन्म १२ बाय १० च्या खोलीतला. तीत सात माणसे आणि गावाकडून आलेला पाहुणा.

दिवे लागल्यावर मागे बसलेल्या एक मावशी उठल्या. त्या म्हणाल्या, "पोरा, ह्यात भगवान बुद्धाचा आन् बाबासाहेबांचा फोटो कुठं लावायचा? वंदनेला आठ माणसं बसली तर हा सोफा काय डोक्यावर घ्यायचा?"

सभा हसली. कंपनीचा मुलगा म्हणाला, "आजी, हे फक्त इंडिकेटिव्ह आहे."

मावशींनी आमच्याकडे पाहिले. "म्हंजे काय वो दादा?"

"दाखवण्यापुरतं, मावशी."

"मग दाखवत्यात कशाला?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या सभेत देता आले नाही. आम्ही पडलो हिशेबाचे कारकून. पावती आणि नोंद जुळत नसेल तर सही करावयाची नाही, एवढेच आमचे शिक्षण. पण येथे पावती म्हणजे चित्र होते. आमच्याच वस्तीतला एक मुलगा दलालांसाठी घरांचे फोटो काढून देतो. त्याला बोलावले, चहा ठेवला आणि सलग तीन संध्याकाळी त्याच्याकडून ही विद्या समजून घेतली. त्यातले जेवढे आमच्या डोक्यात शिरले तेवढे वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो.

प्रथम फोटो. घराचा फोटो बहुधा रुंद भिंगाने काढतात. कोपऱ्यात उभे राहून दोन भिंती आणि अर्धी तिसरी एका चित्रात यावी म्हणून. आजकालच्या मोबाईलवर ०.५ असा आकडा असतो, तेच ते भिंग. त्यातून जवळचे मोठे आणि लांबचे लहान दिसते, म्हणून समोरची भिंत दूर गेल्यासारखी वाटते आणि खोली लांबलचक होते. मग लाइटरूमसारख्या प्रोग्रामात तिरक्या झालेल्या भिंती उभ्या सरळ करतात. फोटोच्या कडेला फ्रीज नको तितका रुंद दिसला, गोल घडा लंबगोल दिसला, की भिंग रुंद आहे हे ओळखावे.

दुसरी गोष्ट उजेडाची. तिवईवर कॅमेरा ठेवून एकाच जागेवरून तीन किंवा पाच फोटो घेतात. एक काळोखा, त्यात खिडकीबाहेरचे स्पष्ट येते. एक मधला. एक फार उजळ, त्यात कोपरे दिसतात. प्रोग्राम हे सारे एकत्र करून एक फोटो बनवतो. यात लबाडी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या डोळ्याला खिडकी आणि कोपरा दोन्ही एकाच वेळी दिसतात, कॅमेऱ्याला ते जमत नाही, म्हणून ही युक्ती निघाली. तो मुलगा म्हणाला, "काका, भिंत सरळ करणं ही इस्त्री झाली. नाला पुसणं ही चोरी." आम्हांला हा फरक पटला.

नाला खरोखरच पुसता येतो. फोटोशॉपमध्ये २०२० साली आभाळ बदलण्याची सोय आली, आणि २०२३ पासून नुसते वाक्य लिहिले तर चित्रातली वस्तू काढून त्या जागी दुसरी घालता येते. विजेच्या तारा जातात, भिंतीची ओल जाते, रिकाम्या खोलीत पलंग येतो. असला पलंग कुठल्याही दुकानात मिळत नाही, कारण तो खोलीला पाहून बेतलेला असतो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२६ पासून कायदाच लागू झाला आहे की, जाहिरातीतला फोटो असा बदललेला असेल तर तसे लिहावयाचे आणि मूळ फोटोही पाहावयास ठेवावयाचा.

आमच्या कार्यालयात एक शिपाई होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी कल्याणच्या पुढे घर घेतले. जाहिरातीचा कागद त्यांनी जपून ठेवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० चौरस फूट, वापरण्याजोगी जागा, असे आहे. करारनाम्यात ३२.५० चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गुणाकार केला तर ३५० भरतात. उरलेले शंभर फूट कुठे गेले? बाल्कनी, खिडकीखालचा कट्टा, असे काहीबाही जोडून जाहिरातीची बेरीज केली होती. ते आम्हांला म्हणाले, "भाऊसाहेब, सही करताना मीटर वाचला, पण डोक्यात फूटच होता. आणि डोळ्यांपुढे तो फोटो." आता त्यांचे लोखंडी कपाट पुरते उघडत नाही. पलंगाला अडते. कपाटातले कपडे काढताना त्यांची मंडळी पलंगावर गुडघे टेकून बसते.

आता नकाशाकडे वळू. नकाशा तयार करणे पूर्वी ड्राफ्ट्समनचे काम होते. आता मोबाईल धरून खोलीत फिरले की नकाशा तयार. मॅजिकप्लॅन, क्युबिकासा अशी त्यांची नावे. २०२० पासून महागड्या आयफोनच्या काही जातींत लायडार नावाची सोय आहे. तो फोन प्रकाशाचे ठिपके भिंतीवर फेकतो आणि ते परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. साध्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या चित्रांवरूनच अंदाज बांधला जातो. आमच्या समाजमंदिराची खोली त्या मुलाने साध्या फोनने मोजली आणि आम्ही टेपाने. चार इंचांचा फरक आला. मोठ्या दिवाणखान्यात चार इंचांचे कोणास काय? आपल्या घरी मात्र शिलाई मशीन बसणार की नाही हे चार इंचांवर ठरते.

छापील नकाशाची गंमत निराळीच. त्यात पलंग, टेबल काढलेले असते आणि आजूबाजूला जागाच जागा दिसते. तेव्हा मुलांच्या कंपासातली पट्टी घ्या. घराचे मुख्य दार साधारण ३ फुटांचे असते. नकाशावर ते ६ मिलिमीटर भरले, तर २ मिलिमीटर म्हणजे १ फूट. आता त्याच नकाशातला पलंग मोजा. लांबी १० मिलिमीटर भरली तर तो पलंग ५ फुटांचा. त्यावर कोण झोपणार? फोटोत हीच युक्ती फरशीवर करावी. मोठी फरशी बहुधा २ फूट बाय २ फूट असते. भिंतीपासून भिंतीपर्यंत फरश्या मोजाव्यात. पाच भरल्या तर खोली १० फूट. भिंग कितीही रुंद असो, फरशीची संख्या त्याला वाढवता येत नाही. चित्र मुळात संगणकावर रंगवलेले असेल तर मात्र फरशीही त्यांचीच, तेथे हा उपाय चालत नाही.

सभेतल्या त्या घराचे आम्ही असेच केले. विकासकाकडून नकाशाची प्रत मागून घेतली. स्वीट होम थ्रीडी नावाचा एक प्रोग्राम आहे, २००६ पासून फुकट मिळतो, विंडोजवरही चालतो आणि लिनक्सवरही. नकाशाचा फोटो त्यात खाली ठेवावयाचा, एक ठाऊक असलेली लांबी दाखवून माप ठरवावयाचे, आणि त्यावरून भिंती ओढावयाच्या. मग सामान ओढून आणून ठेवावयाचे, प्रत्येकाची लांबी-रुंदी आपण लिहावयाची. बाजूलाच घर उभे दिसू लागते. आम्ही त्यात काचेचे टेबल ठेवले नाही. घराघरांत टेप घेऊन फिरलो. लोखंडी कपाट ३ फूट रुंद, दीड फूट खोल. दिवाण ६ बाय ३. शिलाई मशीन. पाण्याचे पिंप. मावशींच्या घरातली पूजास्थानाची फळी, तिच्यापुढे वंदनेला बसण्याची सतरंजी. हे सारे त्या ३०० फुटांत ठेवले.

सगळे मावले नाही असे नव्हे. पण एक गोष्ट दिसली, जी पडद्यावर कोणालाच दिसली नव्हती. बाहेरच्या खोलीला तीन दारे. मुख्य दार आत उघडते ते नेमके कपाटाच्या जागेवर. न्हाणीघराचे दार ओट्यावर, जेथे शेगडी ठेवावयाची तेथे. सलग भिंत उरते एकच, आणि तिच्यावर त्यांनी टीव्ही टांगला होता. म्हणजे चौरस फुटांपेक्षा दारे कुठे आहेत हाच प्रश्न मोठा. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आल्यापासून आपण आकड्यासाठी भांडलो, २२५ चे २६९ झाले, २६९ चे ३००. ते भांडणे योग्यच होते. पण दारासाठी कोणी भांडल्याचे आम्हांस आठवत नाही.

परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत बाबासाहेबांनी संसार आणि अभ्यास दोन्ही केले, आणि पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांची सोय मनात धरून. घरात आपण काय करणार हे आधी, घर कसे असावे हे नंतर, असा तो क्रम होता. आपल्या घरात पोरगी दहावीला बसणार असेल तर तिचे टेबल नकाशात कुठे आहे, हे विचारावयास लाजू नये.

त्या चित्राची प्रत काढून, वस्तीतील बहुतेक कुटुंबांच्या सह्या घेऊन आम्ही विकासकाकडे अर्ज दिला. त्यांचे वास्तुविशारद तोंडी म्हणाले की न्हाणीघराचे दार हलवता येईल, मुख्य दाराचे पाहावे लागेल, कारण तेथे खांब आहे. लेखी उत्तर अजून यायचे आहे. ते आल्याखेरीज संमतीपत्रावर सही करू नये असे आम्ही घरोघर सांगत आहोत. काही तरुण मंडळी आमच्यावर चिडली आहेत. आमच्यामुळे काम रखडेल म्हणतात. त्यांचेही चूक नाही, गळक्या छपराखाली आणखी एक पावसाळा काढणे त्यांच्याच लेकरांच्या वाट्याला येते.

जे घर विकत घेणार आहेत त्यांच्यासाठी कायदा सांगून ठेवतो. २०१६ चा रेरा कायदा. त्यात चटई क्षेत्राची व्याख्या पक्की आहे. आतल्या भिंती धरावयाच्या; बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरावयाची नाही. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक पाहिजेच, आणि महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तो मोबाईलने उघडून प्रकल्पाची माहिती पाहावी. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक पैसे मागता येत नाहीत. आणि कलम १२ लक्षात ठेवा. जाहिरात किंवा नमुन्याचे घर पाहून, त्यावर विसंबून पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाली तर भरपाई मागता येते, किंवा व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडता येते. म्हणून जाहिरातीचा कागद फेकू नये, मोबाईलवरची चित्रे तारखेसह जपून ठेवावीत. पुनर्वसनात मिळणाऱ्या घराची गोष्ट वेगळी. तेथे आपला आधार म्हणजे मंजूर नकाशा आणि लेखी करारनामा.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. आमच्या पुतण्याला भाड्याने घर हवे होते. एका उपनगरातले घर त्याने मोबाईलवर पाहिले. बोट फिरवले की खोली गोल फिरे. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सगळेच ते घर फिरून आलो, सूनबाईंनी तर कपाट कुठे ठेवायचे तेही ठरवले. सकाळी दलालाला फोन लावला. त्याने नोकरी विचारली, ती सांगितली. मग आडनाव विचारले. ते सांगितल्यावर तो म्हणाला, मालकांना विचारून कळवतो. त्याने कळवले नाही. ते घर पुढे दोन महिने मोबाईलवर तसेच गोल फिरत होते.

फोटो काढणाऱ्या त्या मुलाला आम्ही हे सांगितले. तो म्हणाला, "काका, मी आत जाऊन त्यांच्या स्वयंपाकघराचे फोटो काढतो तेव्हा मला कोणी आडनाव विचारत नाही. भाडेकरू म्हणून गेलो की विचारतात." त्याला स्वतःचा चांगला कॅमेरा घ्यावयाचा आहे, आणि आपल्याच लोकांच्या विक्रीच्या घरांचे फोटो तो कमी पैशांत काढून देतो.

येत्या रविवारी वंदनेनंतर तो आणि आम्ही विहारातच बसणार आहोत. ज्यांच्याकडे नकाशा आला आहे त्यांनी तो घेऊन यावे. घरातल्या कपाटाचे, पलंगाचे आणि शिलाई मशीनचे माप कागदावर लिहून आणावे, अंदाजाने नको. टेप आमच्याकडे आहे, हवा असेल त्याने शनिवारी घेऊन जावा. ताई-माईंनी अवश्य यावे, कारण ओटा कुठे असावा हे आजवरच्या एकाही सभेत त्यांना कोणी विचारलेले नाही.