हळद खुशाल, गोळी विचारून

जखमेवरील हळदीच्या वापराचे अमेरिकी पेटंट १९९७मध्ये रद्द झाले, याचा अभिमान रास्तच. पण त्या अभिमानापोटी औषधे सोडणे परवडणारे नाही. आमवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. त्यावर कर्क्युमिनच्या चाचण्या झाल्या, काहींत वेदना कमीही झाल्या. पण त्या लहान आहेत. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, तेही रक्तात फारसे उतरत नाही. म्हणून अनेक गोळ्यांत मिऱ्यातले पिपरिन घालतात. अशा गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना तर यकृताची तपासणी आधीच करावी लागते. औषध परस्पर बंद केले आणि सांधा झिजला, तर तो परत मिळत नाही. भाजी-आमटीतली हळद खुशाल खावी. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच.