जर्नलमध्ये न बसणारं रीडिंग

ऑस्मॉसिस आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, पाणी पेशीच्या पटलातून आत जातं, मिळवा दोन मार्क. पण पेशीचं पटल असतं चरबीचं. त्यातून पाणी इतक्या झपाट्यानं जातंच कसं, हे वर्गात कुणी विचारतं का? थोडं झिरपतं, मान्य. पण तुमच्या किडन्या रोज साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडला तर बाकी सगळा परत शरीरात ओढून घेतला जातो. हे नुसत्या झिरपण्याचं काम नाही.

पाण्यासाठी पटलात खास वाट असणार, असा संशय शास्त्रज्ञांना होताच, पण वाट सापडत नव्हती. ती सापडली भलतंच शोधणाऱ्या माणसाला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्रे हे डॉक्टर रक्तातल्या आरएच गटाच्या प्रथिनामागे लागले होते. १९८८च्या सुमारास त्यांच्या नमुन्यात सारखं एक नको असलेलं प्रथिन यायला लागलं. आरएचचाच तुटका तुकडा असेल, असं आधी वाटलं. तसं नव्हतं. लाल पेशींत आणि किडनीत ते भरपूर होतं, पण त्याचं काम काय, ते कळेना. जॉन पार्कर या मित्रानं सुचवलं, की बाबा, हीच ती पाण्याची वाट असेल.

मग बेडकाची अंडी घेतली. काहींमध्ये या प्रथिनाचा आरएनए टोचला आणि दोन्ही प्रकारची अंडी पातळ द्रावणात टाकली. साधी अंडी जशीच्या तशी. टोचलेली फुगली आणि काही मिनिटांत फट्कन फुटली! १९९२ साली हा शोध छापून आला, २००३ साली केमिस्ट्रीचं नोबेल. (शाळेत याच माणसाला केमिस्ट्रीत ‘डी’ मिळाला होता.) या प्रथिनाला आज ‘अ‍ॅक्वापोरिन’ म्हणतात. पाण्याचे रेणू त्यातून एकामागोमाग एक जातात, सेकंदाला सुमारे तीन अब्ज, आणि प्रोटॉन मात्र बाहेरच अडतात.

‘बरं, मग आम्हाला काय?’ असं म्हणाल. एडीएच हार्मोन पाठ आहे ना? ते किडनीतल्या अ‍ॅक्वापोरिन-२ला पटलावर आणून बसवतं. या अ‍ॅक्वापोरिनच्या जनुकात बिघाड असेल तर माणूस दिवसाला दहा-दहा लिटर लघवी करू शकतो, साखर नॉर्मल असूनही.

त्याहून गंभीर गोष्ट मेंदूतल्या अ‍ॅक्वापोरिन-४ची. एनएमओ नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती याच प्रथिनावर उलटते. डोळ्यांची नस आणि मज्जारज्जू सुजतात. दृष्टी जाऊ शकते, पाय लुळे पडू शकतात. पेशंटमध्ये बायकांचं प्रमाण जास्त. बरीच वर्षं याला मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार समजत, आणि त्या आजाराची काही औषधं इथे उलट घात करतात. २००४-०५मध्ये ही अँटिबॉडी आणि तिचं लक्ष्य सापडलं. आता रक्ततपासणीवरून बहुतेक पेशंटमध्ये दोन्ही आजार वेगळे ओळखता येतात. हे लक्ष्य म्हणजे नमुन्यातल्या त्या ‘नको असलेल्या’ प्रथिनाचंच भावंड.

आता आपल्या प्रॅक्टिकलकडे या. रीडिंग जुळत नाही? मागच्या बॅचचं जर्नल मागवा, उत्तर आधी लिहा, मग उलटं गणित करून आकडे भरा. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर हाच उद्योग चालतो आणि दोष फक्त मुलांचा नाही. चुकलेल्या रीडिंगला मार्क कापले जातात, तर कोण कशाला प्रामाणिक राहील? माझं म्हणणं एवढंच, की जर्नलमध्ये ‘न जुळलेलं रीडिंग आणि त्याचं संभाव्य कारण’ असा एक रकाना असावा, आणि त्याला मार्क असावेत.

शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कारण अस्वच्छ पिपेट किंवा बुरेटमधला हवेचा बुडबुडाच निघेल, हे मलाही दिसतंय. मग तेच लिहा ना, बुडबुडा होता म्हणून! नमुन्यात काय आलंय ते अ‍ॅग्रेंनाही आधी कळलं नव्हतं. त्यांनी ते खोडलं नाही, इतकंच.