58 कोटींची बातमी, 49 रुपयांची लूट

जुलै 2023 मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदिया शहरातील एका घरावर छापा घातला. कोट्यवधी रुपयांची रोकड, सोन्याची बिस्किटे आणि चांदी असा ऐवज तेथे सापडला. ऑनलाइन जुगारात आपली 58 कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार नागपूरच्या एका व्यापाऱ्याने केली होती, आणि आरोपी दुबईला निसटल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे सुरुवातीला 8 लाख रुपये खात्यात भरून व्यापाऱ्याला खेळाची गोडी लावण्यात आली. तो पाचेक कोटी जिंकला आणि 58 कोटी हरला. दोषी कोण आणि किती, हे न्यायालय ठरवील. आम्हाला बोलायचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी.

त्या छाप्यानंतर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने नोटांच्या थप्प्यांच्या वर्णनांनी भरले. धानाच्या आणि विड्यांच्या या गावाला एवढी श्रीमंती आली कोठून, याचे कौतुकमिश्रित आश्चर्य सर्वत्र व्यक्त झाले. एक लोभी व्यापारी आणि एक हिकमती बुकी यांची ती गोष्ट होती, आणि तिचे तात्पर्य म्हणून लोभाचा धडा वाचकांना देण्यात आला. परंतु त्याच महिन्यात आणखी दोन घटना घडल्या, आणि त्यांचा गोंदियाशी संबंध जोडण्याची बुद्धी कोणाला झाली नाही. एक म्हणजे, पैसे लावून संघ निवडण्याचा खेळ चालवणारी ‘ड्रीम इलेव्हन’ ही कंपनी तीन वर्षांसाठी 358 कोटी रुपये मोजून भारतीय क्रिकेट संघाची मुख्य प्रायोजक झाली. दुसरी म्हणजे, 11 जुलै रोजी जीएसटी परिषदेने अशा खेळांत भरल्या जाणाऱ्या संपूर्ण रकमेवर 28 टक्के कर आकारण्याचा निर्णय घेतला. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो अमलातही आला. म्हणजे एकाच महिन्यात एका जुगारावर धाड पडली, दुसरा राष्ट्रीय संघाच्या छातीवर झळकला आणि सरकारने त्यात आपला वाटा ठरवून घेतला. या तिन्ही गोष्टी एकाच पानावर छापल्या गेल्या असत्या, तर वाचकाला अग्रलेखाची गरजच उरली नसती.

व्यापाऱ्याचे 58 कोटी हा अपवाद आहे. नियम आहे तो 49 रुपयांचा. ‘फक्त 49 रुपयांत कोट्यधीश व्हा’ अशी हाळी क्रिकेटच्या प्रत्येक मोसमात घराघरांतून ऐकू येत होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली, इंटरनेट स्वस्त झाले आणि सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीतल्या तरुणाच्या हातातही बाजारपेठ येऊन बसली. या तरुणाचे अर्थकारण काय? पावसाळ्यात रोवणीची मजुरी, दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणी, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे काही दिवस. 70 पानांचा एक पुडा बांधायचा आणि शेकड्याच्या भावाने फळीवर मोजून द्यायचा. उरलेल्या दिवसांत एक तर नागपूर-हैदराबादची वाट धरायची, नाही तर चौकातल्या पारावर बसायचे. त्याच्याकडे वेळ मुबलक असतो आणि पैसा तुटपुंजा. आणि या व्यवसायाला नेमका असाच माणूस हवा असतो. भरपूर पैसा असलेला माणूस 49 रुपयांकडे ढुंकूनही पाहत नाही.

या खेळाचे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. समजा, काही माणसांनी मिळून 1000 रुपये लावले. कंपनी त्यातून आपले कमिशन आधीच काढून घेते. ते 15 टक्के धरू. 850 रुपये खेळणाऱ्यांत वाटले गेले. तेच 850 पुन्हा लागले की 722 उरतात. असे 10 डाव झाले की मूळ हजारातले 200 रुपयेसुद्धा खेळणाऱ्यांच्या हाती राहत नाहीत. मधल्या काळात कोणी जिंकतो, कोणी हरतो, जिंकणाऱ्याचे छायाचित्र जाहिरातीत झळकते. पण सर्वांचा मिळून खिसा दर डावाला रिकामा होत जातो आणि एकच पक्ष असा आहे की जो कधीच हरत नाही. यात कोणतीही लबाडी गृहीत धरलेली नाही. लबाडी करून लुटणाऱ्याला पोलिस पकडतात. प्रामाणिकपणे लुटणाऱ्याला ‘नवउद्योजक’ म्हणून सन्मानाने व्यासपीठावर बसवले जात होते, एवढाच काय तो फरक.

यावर कंपन्यांचे वकील म्हणत आले की हा जुगार नव्हेच, हा कौशल्याचा खेळ आहे. त्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयाच्या 1968 च्या के. सत्यनारायण खटल्यातील निर्णयाचा दाखला देतात. रमीमध्ये पत्ते लक्षात ठेवणे, लावणे, टाकणे यांचे कौशल्य प्रधान आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले, हे खरेच आहे. परंतु त्याच निर्णयात न्यायालयाने असेही नमूद केले आहे की, पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा चालक स्वतः नफा कमावत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. निकालाचा पूर्वार्ध तोंडपाठ असणाऱ्या या विद्वानांना उत्तरार्ध मात्र वाचता येत नाही! सिकंदराबादच्या क्लबात शेजारी-शेजारी बसून खेळणारी चार माणसे कोठे आणि प्रत्येक डावातून हिस्सा कापणारी, कोणत्या माणसाला कोणत्या वेळी कोणते आमिष दाखवावे याची नोंद ठेवणारी कंपनी कोठे?

आणि कायद्याचे हे कौशल्य गरिबाच्या वाट्याला कधी आले? 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात जिवंत आहे. झाडीपट्टीत कोंबडबाजारावर धाड पडते, तेव्हा कोंबड्यांसह माणसांना व्हॅनमध्ये घातले जाते आणि जप्त झालेल्या दुचाकींची यादी दुसऱ्या दिवशी छापून येते. पानठेल्यामागे सट्टापट्टी लिहिणाऱ्या पोराची दर महिन्या-दोन महिन्यांनी उचलबांगडी होते. झुंजीसाठी कोंबडा निवडायलाही कौशल्य लागते, असा युक्तिवाद त्यांच्यासाठी कोणी ज्येष्ठ विधिज्ञाने केल्याचे ऐकिवात नाही. आम्ही कोंबडबाजाराचे समर्थक नाही. सट्टापट्टीने उठवलेले संसार या जिल्ह्याने पाहिले आहेत. प्रश्न एवढाच आहे की एकाच कृत्याला पारावर गुन्हा आणि पडद्यावर उद्योग ही दोन नावे कोणी दिली?

ही दोन नावे रूढ करण्यात आमच्या थोर मंडळींचा हातभार मोठा आहे. भारतरत्नाने गौरवलेल्या सचिन तेंडुलकरांनी अशा एका कंपनीची जाहिरात पत्करली, तेव्हा ऑगस्ट 2023 मध्ये आमदार बच्चू कडू यांनी त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केले. कडूंच्या राजकारणाविषयी आमचे मत काहीही असो, तो प्रश्न योग्य दारात विचारला गेला होता. पण दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती आंदोलकांच्या रीतीभातीची.

जुलै 2025 मध्ये तर कळस झाला. राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी प्रसिद्ध केली. आपण खेळत नव्हतो, तो खेळ आपोआप पडद्यावर आला आणि आपण तो बंद करत होतो, असा खुलासा मंत्रिमहोदयांनी केला. महिनाअखेरीस त्यांच्याकडून कृषिखाते काढून घेण्यात आले आणि त्यांना क्रीडाखाते देण्यात आले. या विनोदावर महाराष्ट्र मनसोक्त हसला. आम्ही मात्र तो खुलासा शब्दशः खरा मानायला तयार आहोत. विधिमंडळाच्या सभागृहात, मंत्र्याच्या हातातल्या यंत्रात जर हा जुगार न बोलावता शिरू शकतो आणि मंत्र्याला तो झटकन हटवता येत नाही, तर अर्जुनी मोरगावच्या बारावी नापास मुलाने तो कोणत्या बळावर हटवावा? ‘खेळणारा स्वेच्छेने खेळतो’ हा कंपन्यांचा लाडका सिद्धांत एका मंत्र्याने सभागृहातूनच निकालात काढला, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारला जाग आली. ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत आणि 21 ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले. 22 ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली. पैशाचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व 50 लाखांपर्यंत दंड, आणि खेळणारा मात्र गुन्हेगार नव्हे, पीडित. अशी या कायद्याची मांडणी आहे. ती योग्य आहे आणि तसे म्हणण्यात आम्हाला संकोच वाटत नाही. परंतु तीन दिवसांत जो कायदा होऊ शकतो, त्यासाठी इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर संसदेत कोणी दिले नाही. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे देशातील 45 कोटी माणसे दरवर्षी सुमारे 20,000 कोटी रुपये या खेळांत गमावत होती. भागाकार केला तर माणशी साडेचारशेपेक्षा थोडे कमी येतात. 2024-25 च्या 2300 रुपये हमीभावाने पाहिले तर एका माणसामागे सुमारे 19 किलो धान. अर्थात सरासरी ही फसवी असते; बहुतेकांचे शंभर-दोनशे जातात आणि काहींची बांधी जाते, बैलजोडी जाते, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले जाते. आणि ज्या काळात हे सर्व जात होते, त्या काळात सरकार त्यावर कर घेत होते. तो पैसा परत देण्याची भाषा कायद्यात कोठेही नाही.

कंपन्यांच्या संघटनांनी लगेच टाहो फोडला: दोन लाख रोजगार बुडतील, करापोटी मिळणारे कोट्यवधी बुडतील आणि खेळणारे परदेशी बेकायदा संस्थांकडे वळतील. पहिल्या दोन मुद्द्यांबद्दल फार शाई खर्चण्याचे कारण नाही. दारूच्या गुत्त्यावरही माणसे नोकरीला असतात. रोजगाराची एवढीच कळकळ असेल, तर यंत्रावर बसून दुसऱ्याचा खिसा मोजणाऱ्या सुशिक्षित तरुणांना दुसरे काम देणे या देशाला अशक्य नाही. तिसरा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो उडवून लावणे हा भाबडेपणा ठरेल. गोंदियाहून रेल्वेने तासा-दोन तासांवर छत्तीसगडची हद्द लागते, आणि त्याच मार्गावरील भिलाईच्या मंडळींनी दुबईत बसून चालवलेल्या ‘महादेव’ ॲपचे प्रकरण साऱ्या देशाने पाहिले. केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये त्यासह 22 ॲप व संकेतस्थळांवर बंदी घातली. पण असे एक नाव बंद झाले की दुसऱ्या नावाने दुकान उघडता येते. गोंदियाच्या प्रकरणातही पैसा कोणत्याही नोंदणीकृत कंपनीच्या दारातून गेलेला नव्हता. हा धंदा हवालाच्या वाटेने, भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून आणि ओळखीपाळखीच्या दलालांमार्फत चालतो. गरिबाचे खाते कमिशनवर वापरायला घ्यायचे आणि धाड पडली की खातेदाराला पुढे करायचे, ही त्याची रीत. तेव्हा कायदा दिल्लीत झाला तरी त्याची परीक्षा जिल्हा पोलिस कार्यालयात आणि बँकेच्या शाखेत व्हायची आहे.

काही भाग तर कायद्याने स्पर्शिलेलाच नाही. मुलांच्या मारधाडीच्या खेळांत बंदुकीचा रंग, अंगावरचा पोशाख, नशिबाने काय निघेल ते सांगता न येणारी पेटी अशा वस्तू खऱ्या पैशांत विकल्या जातात. रोख बक्षीस नाही म्हणून तो जुगार नाही! पब्जीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणाने. मुलांच्या मनाचा किंवा बापाच्या खिशाचा तेव्हा कोणी विचार केला नव्हता, म्हणूनच जुलै 2021 मध्ये तोच खेळ नवे नाव घेऊन परत आला तेव्हा कोणाला काही वावगे वाटले नाही.

येथे आमच्याच बाजूच्या काही वडीलधाऱ्यांशीही भांडणे प्राप्त आहे. ‘मोबाइलने पिढी बिघडवली’ हे त्यांचे पालुपद ऐकून कान किटले. खेळाची आवड हा काही रोग नव्हे. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते, रात्र-रात्र दंडार आणि नाटके चालतात, शंकरपटाला हजारोंची गर्दी होते; तेथेही माणूस चार घटका स्वतःला विसरायलाच येतो. पोराने मोबाइलवर मित्रांबरोबर चार डाव खेळले तर त्यात आकाश कोसळत नाही. कोसळते ते त्या करमणुकीला पैशाचे नळकांडे जोडले जाते तेव्हा, आणि ते जोडणारे हात त्या पोराचे नसतात. पोराला दोष देऊन आपण त्या हातांना मोकळे सोडतो. शिवाय गावातले वाचनालय बंद पडले, मैदानावर अतिक्रमण झाले, संध्याकाळची बस रद्द झाली, तेव्हा हे वडीलधारे कोठे होते?

तंत्रज्ञानाचा राग धरणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. 49 रुपये तरुणाच्या खात्यातून कंपनीकडे जायला एक क्षण लागत होता. मध्यरात्री, भर पावसात, नेटवर्कची एकच काडी असताना सुद्धा ते जात होते. त्याच तरुणाच्या बापाने आधारभूत केंद्रावर धान मोजून दिले की चुकाऱ्यासाठी आठवडे, कधी महिने जातात. कधी निधी नाही, कधी ‘सर्व्हर डाऊन’, कधी सातबारा जुळत नाही. यंत्र एकच, बँक एकच, खातेही बहुधा एकच. पैसा घेताना ते विजेच्या वेगाने चालते आणि देताना बैलगाडीच्या, यात यंत्राचा काय अपराध?

म्हणून पुढील अधिवेशनात या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी, त्यांचा पक्ष कोणताही असो, सरकारला लेखी विचारावे: ऑक्टोबर 2023 पासून या खेळांवरील करातून महाराष्ट्राच्या तिजोरीत किती रक्कम आली? त्यातील किती या खेळांत बुडालेल्या कुटुंबांच्या आणि व्यसनात अडकलेल्या तरुणांच्या उपचारासाठी खर्च झाली? गोंदिया जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी किती तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ नेमलेला आहे? भाड्याच्या खात्यांच्या प्रकरणांत खातेदाराच्या पलीकडे जाऊन किती सूत्रधारांवर आरोपपत्र दाखल झाले? आणि धान मोजल्यापासून चुकारा जमा होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले, हे केंद्रवार सांगावे.