विश्लेषण : कोडमध्ये ‘∈’ आणि ‘⊗’ अशी चिन्हं चालावीत का? प्रोग्रामिंग भाषांमधला वाद नेमका काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १७.० या आवृत्तीत १ लाख ५९ हजार ८०१ अक्षरं आणि चिन्हं आहेत. मराठीतला ‘ळ’, गणितातलं ‘∈’ आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवता तो हसरा चेहरा, हे सगळे याच यादीतले. तरीही बहुतेक प्रोग्राम आजही अधिक, उणे, तारा अशा मूठभर चिन्हांवरच चालतात. प्रोग्रामरला हवं ते चिन्ह वापरून स्वतःची क्रिया ठरवू द्यावी का, यावर भाषा घडवणाऱ्यांमध्ये जुना वाद आहे. वरवर हा सोयीचा प्रश्न वाटतो. पण आपले पैसे, तिकिटं आणि आरोग्याच्या नोंदी ज्या कोडवर चालतात, तो तपासणाऱ्याला नीट वाचता येतो का, हा प्रश्नही त्यातच दडलेला आहे.

ऑपरेटर म्हणजे काय?

‘२ + ३’ मधलं ‘+’ हा ऑपरेटर, म्हणजे क्रिया सांगणारं चिन्ह. गणितात अशी चिन्हं शेकडो आहेत. ‘शहर ∈ यादी’ याचा अर्थ ते शहर त्या यादीत आहे. पायथन भाषेत हेच ‘इन’ या शब्दाने लिहितात. चिन्हांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे : वहीत जसं सूत्र लिहितो, तसंच ते कोडमध्ये दिसलं, तर ताळा करणं सोपं जातं आणि चुका लवकर सापडतात.

ही कल्पना नवीन आहे का?

अजिबात नाही. केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ च्या पुस्तकात मांडलेल्या चिन्हलिपीतून ‘एपीएल’ ही भाषा उभी राहिली. इतर भाषांत पानभर लागणारं काम तिच्यात एका ओळीत बसे. या कामासाठी आयव्हर्सन यांना १९७९ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण एपीएल लिहायला वेगळा कीबोर्ड आणि छपाईसाठी वेगळी अक्षरं लागत. भाषेचे चाहते आजही आहेत, पण ती सर्वसामान्य प्रोग्रामरांची झाली नाही.

कीबोर्डची अडचण फक्त अशा विशेष चिन्हांपुरती नव्हती. सी भाषेतले महिरपी कंस एकेकाळी युरोपातल्या अनेक कीबोर्डवर नव्हते, कारण त्या जागी तिथली स्थानिक अक्षरं होती. म्हणून १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत तीन चिन्हं जोडून एक कंस लिहिण्याची पळवाट ठेवावी लागली.

आज कोणत्या भाषेत काय चालतं?

२०१२ मध्ये जाहीर झालेल्या ज्युलिया भाषेत ‘∈’, ‘≤’, ‘√’ थेट चालतात. बॅकस्लॅश देऊन चिन्हाचं नाव लिहायचं आणि टॅब दाबायचा, की चिन्ह उमटतं. राकू भाषेत (२०१९ पर्यंत तिचं नाव पर्ल ६ होतं) अशा अंगभूत चिन्हांना साध्या कीबोर्डवर लिहिता येईल असा पर्यायही आहे. ॲपलच्या स्विफ्टमध्ये प्रोग्रामर स्वतःचा नवा ऑपरेटर घडवू शकतो.

पायथनने मात्र हा दरवाजा बंद ठेवला. मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी वेगळं चिन्ह हवं, ही मागणी २०१५ च्या ३.५ आवृत्तीत मान्य झाली. पण निवडलं गेलं ते ई-मेल पत्त्यातलं, प्रत्येक कीबोर्डवर असलेलं ‘@’.

खरी अडचण कुठे येते?

पहिली अडचण क्रमाची. शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ आठवतं? ‘२ + ३ × ४’ चं उत्तर २० नाही, १४ येतं, कारण गुणाकार आधी. आता कुणी ‘⊗’ हे नवं चिन्ह आणलं, तर ते या क्रमात कुठे बसवायचं? स्विफ्टमध्ये ते चिन्ह घडवणारा ठरवतो. म्हणजे वाचणाऱ्याला आधी ती व्याख्या शोधावी लागते. ज्युलियाने मधला मार्ग काढला. चिन्हाचा अर्थ तुम्ही ठरवा, पण क्रम भाषेने आधीच बांधलेला : ‘⊗’ गुणाकाराच्या पंक्तीत, ‘⊕’ बेरजेच्या.

दुसरी अडचण उच्चाराची. ‘⊗’ मोठ्याने कसं वाचायचं? फोनवर सहकाऱ्याला कसं सांगायचं? गुगलवर काय टाकून शोधायचं? शब्दाला हा त्रास नसतो.

तिसरी सर्वांत गंभीर : दिसायला सारखं, पण वेगळं. कीबोर्डवरचं ‘-’ आणि गणिताचं ‘−’ डोळ्यांना जवळपास एकच, संगणकाला मात्र दोन वेगळी चिन्हं. ज्युलियासारख्या भाषा अशा काही जोड्या आपणहून एकच मानतात, पण सगळ्या नाही.

याचा सुरक्षेशी काय संबंध?

नोव्हेंबर २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ट्रोजन सोर्स’ नावाची त्रुटी समोर आणली. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठी युनिकोडमध्ये काही अदृश्य चिन्हं आहेत. ती कोडमध्ये पेरली, तर माणसाला एक दिसतं आणि संगणक दुसरंच चालवतो. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा धोकाही त्यांनी दाखवला. रस्ट भाषेने तातडीने नवी आवृत्ती काढून अशी अदृश्य चिन्हं आढळली की कोड अडवायला सुरुवात केली. ही त्रुटी ऑपरेटरमधली नव्हती. पण डोळ्यांना दिसणारा कोड आणि चालणारा कोड यांत अंतर पडू शकतं, हे तिने उघड केलं.

मग फक्त इंग्रजी कीबोर्डवरच थांबायचं का?

तेही बरोबर नाही. गुगलच्या गो भाषेत ‘घर’ हे नाव चालतं, पण ‘घरे’ चालत नाही. कारण तिच्या नियमांत मात्रा ‘अक्षर’ धरली जात नाही. म्हणजे सरसकट कडक नियमाचा फटका मराठीसारख्या भाषांना बसतो. पायथनमध्ये २००८ पासून ‘किंमत’ हे नाव चालतं, नवा ऑपरेटर मात्र नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. नाव हा शब्द आहे, तो वाचता आणि शोधता येतो. ऑपरेटर मात्र वाक्याचं व्याकरणच बदलतो.

पुढे काय?

चिन्ह टाइप करणं कठीण, हा आक्षेप आता विरतो आहे. संपादक ती उमटवून देतात आणि बराच कोड एआय साधनंही लिहून देऊ लागली आहेत. पण म्हणूनच माणसाचं काम लिहिण्यापेक्षा तपासण्याचं अधिक होतंय. त्यामुळे चिन्हांना परवानगी द्यायचीच, तर तीन अटी रास्त ठरतात : प्रत्येक चिन्हाला साध्या अक्षरांतलं नाव हवं, त्याचा क्रम भाषेनेच ठरवलेला हवा आणि सारखी दिसणारी चिन्हं एकत्र आली की इशारा मिळायला हवा. कोड लिहिणारा एक असतो, पण पुढची अनेक वर्षं तो वाचणारे अनेक असतात. नियम ठरवताना त्यांचा विचार आधी व्हायला हवा.